बाळाचा पहिला समुद्र

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस सरला, सकाळच्या हवेत जरा गारवा आला, की बडोद्यातल्या मराठी घरांत सुटीचे बेत सुरू होतात. दांडिया बाजारातलं जुनं घर असो की मांजलपूरमधला फ्लॅट, गाडी ठरते, आत्या-मावशीला फोन जातात. आणि त्या घरात पाच-सात महिन्यांचं बाळ असेल तर कोणीतरी म्हणतंच, "चला, याला समुद्र दाखवू." जरूर दाखवा. फक्त बेत आखताना बाळाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं, म्हणून आज मी बोलते आहे.

आधी समुद्र कोणता ते ठरवू. आपल्याला सगळ्यांत जवळ आहे ते खंभातचं आखात. जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोई तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा उघडं पडतं, दिवसातून दोनदा. दर्शनाला आवर्जून जा, पण बाळाला खेळवायची ती जागा नव्हे. पाणी मातकट, कडेला चिखल, आणि भरती चढते ती भराभर. आखात आत आत निमुळतं होत जातं, त्यामुळे शिरलेल्या पाण्याला उंच चढण्यावाचून वाट राहत नाही. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तीन मजली घराची उंची, श्रोतेहो!

म्हणून बरेच जण सुरत ओलांडून वलसाडजवळच्या तिथल गावाच्या किनाऱ्यावर जातात. रेल्वेने वलसाड साधारण 200 किलोमीटर, आणि स्टेशनपासून किनारा पाचेक किलोमीटरवर. किनारा मोकळा आहे, पण वाळू काळसर आहे. सुरतेजवळच्या डुमसचीही तशीच. काळी वाळू ऊन शोषते आणि लवकर तापते. आपण चपला घालून उभे असतो, बाळ मात्र तळहातांवर आणि उघड्या गुडघ्यांवर रांगतं. म्हणून त्याला खाली ठेवण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू वाळूवर जराशी टेकवून बघा. आपल्याला चटका सोसत नसेल तर त्याला कसा सोसेल?

दिवस निवडायला पंचांग काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याची चढउतार त्यामानाने कमी. लहान मूल बरोबर असेल तर मी अष्टमीच्या आसपासचा दिवस धरीन. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा मागच्या आठवड्यात कोणी जाऊन आलं असेल तर त्याच्या सांगण्यावर विसंबू नका. त्या दिवसाची वेळ तिथल्या कोळीबांधवांना विचारा.

आता उन्हाचं. सकाळी 10 च्या आत किंवा दुपारी 4 नंतर, मधल्या वेळी नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवूच नये. त्याच्या कातडीला सनस्क्रीनही लावायचं नसतं, त्याचं रक्षण सावलीने आणि कपड्याने करायचं. लांब बाह्यांचं सैल सुती झबलं, मान आणि कान झाकणारी रुंद कडेची टोपी, वर मोठी छत्री. सहा महिने पूर्ण झाले असतील तर झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन डॉक्टरांना विचारून आणा. निघण्याआधी अर्धा तास लावा, दर दोन तासांनी आणि अंग ओलं झाल्यावर पुन्हा लावा. त्या सकाळी तेलाची मालिश मात्र राहू द्या. तेल उन्हाला अडवत नाही आणि तेलकट अंगाला वाळू चिकटून बसते. काजळही नको. खारं पाणी आणि घामाने ते डोळ्यांत उतरतं. आजीला तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावू द्या.

एक गोष्ट हात जोडून सांगते. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी किंवा दुपटं पांघरू नका. आत वारा खेळत नाही, हवा कोंडते आणि बाळ उकडून निघतं. त्याला आपल्याइतका घाम येत नाही, अंग लवकर तापतं. आणि उभ्या गाडीत त्याला क्षणभरही एकटं ठेवू नका, झोपलेलं असलं तरी नाही, काच थोडी उघडी असली तरी नाही.

तहानेचं काय? सहा महिन्यांच्या आत अंगावरचं दूध हेच त्याचं पाणी. वरचं पाणी द्यायचं नाही, फक्त नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजायचं. त्यासाठी आईला आडोसा हवा, तिला स्वतःला प्यायला भरपूर पाणी हवं, आणि घाई करणारं माणूस आसपास नको. इतकी सोय बाकीच्यांनी करायची. मोठ्या बाळाला घरचं उकळून गार केलेलं पाणी घोट घोट द्या. खायला घरून नेलेलं केळं किंवा मऊ भात पुरे, किनाऱ्यावरचा बर्फाचा गोळा त्याच्या तोंडाला लावू नका.

आणि आता ज्यासाठी मी मुख्यतः आले आहे ते. दहा-बारा माणसं बरोबर असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं, कोणीतरी बघतंय. काका फोटो काढतात, आत्या भेळ आणायला जाते, आई पाच मिनिटं पाय भिजवायला जाते, आणि बाळ कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. लहान मूल वीतभर पाण्यातसुद्धा बुडतं, आणि बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. म्हणून एका वेळी एकाच माणसाचं नाव ठरवा. त्या माणसाने मोबाइल पिशवीत ठेवायचा, समुद्राकडे नाही तर बाळाकडे बघायचं, हात पोहोचेल इतक्या अंतरावर राहायचं. अर्ध्या तासाने पाळी बदलायची, तीही तोंडाने बोलून: "आता तुझ्याकडे." समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. घरातल्या थोरांनाही हा नियम लागू. आजोबांना सांगायला अवघड वाटत असेल तर गाडीत बसल्या बसल्याच सगळ्यांसमोर सांगून टाका. हवा भरलेल्या रंगीत ट्यूब विकायला असतात, त्यांच्या भरवशावर मूल पाण्यात सोडू नका. लाटेत त्या उलटतात.

पाण्याची पहिली ओळख कडेवरूनच करून द्या. लाट फुटून पसरते तिथे, घोट्याइतक्या पाण्यात उभं राहून त्याची पावलं जरा टेकवा. ते हसेल, दचकेल, नाहीतर मोठ्याने रडेल. रडलं तर मागे फिरा, व्हिडिओसाठी पुन्हा पुन्हा पाण्यात धरू नका. नेहमीचा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि जड होतो, त्यापेक्षा पोहण्याचा डायपर बरा. ओलं अंग लगेच कोरडं करा, थंडीच्या दिवसांतला किनाऱ्यावरचा वारा बाळाला झोंबतो. थोडी वाळू तोंडात गेली तर घाबरू नका, ओल्या कपड्याने तोंड पुसून काढा. डोळ्यांत गेली तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार सोडायची. त्यासाठी घरूनच दोन बाटल्या जास्त घ्या. सगळं मिळून तासभर पुरे.

मुक्कामी पोहोचलात की कोमट, गोड्या पाण्याने अंघोळ. मानेच्या वळ्या, काखा, कानामागची जागा, जांघा, सगळीकडून वाळू निघाली पाहिजे, नाहीतर रात्री पुरळ उठतं. पावडर चोपडू नका. मग रात्री लंगोट नेहमीसारखा ओला होतोय ना, ते बघा. सहा तासांत लघवी झाली नाही, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोक्यावरची टाळू आत गेल्यासारखी दिसते, बाळ गळून गेलंय किंवा अंग तापलंय, तर सकाळची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या, आणि वाहन नसेल तर 108 ला फोन करा.

नमस्कार.