डावे, उजवे आणि मधली खुर्ची

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच एक घोळ सांगतो. तुमच्यातले जे आत्ता माझ्या डाव्या हाताला बसलेत, ते आपापल्या हिशेबानं उजवीकडे बसलेत. राजकारणातल्या डाव्या-उजव्याची गोष्टही अशी खुर्च्यांपासूनच सुरू होते.

त्यात आपली भाषा आधीच पक्षपाती. देवाचा कौल उजवा मिळाला की काम फत्ते. एक गोष्ट दुसरीपेक्षा सरस असली की ती 'उजवी'. आणि बाजूला सारलं त्याला 'डावललं'! मराठीत स्वतःला डावा म्हणवणारा माणूस तोंड उघडायच्या आधीच दोन पावलं मागं असतो.

फ्रान्समधल्या राज्यक्रांतीच्या वेळचं, 1789 सालचं व्हर्सायचं सभागृह डोळ्यांसमोर आणा. राष्ट्रीय सभेनं केलेला कायदा राजाला अडवता यावा का, यावर वाद पेटलेला. यावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला जमले, नको म्हणणारे डाव्या. बस्स, एवढंच. कामगार-भांडवलदार हा झगडा तिथं नव्हताच. मार्क्स जन्मायला अजून 29 वर्षं होती.

गंमत पुढंच आहे. 1791 च्या ऑक्टोबरात नवी विधानसभा भरली. राजाचे कट्टर पाठीराखे तिथं उरलेच नव्हते. मग राजा राहू दे, पण राज्यघटनेच्या दाव्याला बांधून राहू दे, असं म्हणणारे उजवीकडे बसले. दोन वर्षांपूर्वी हेच मत डावीकडचं होतं. मत तेच, शेजारी बदलले. (आपल्या लोकसभेत तर सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात, विरोधक डाव्या. म्हणजे कुणीही निवडून येवो, जाणार उजवीकडेच.)

आता आपल्या शिरोळ-करवीरचा ऊसवाला घ्या. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायलाच हवा असा किमान दर, दिल्लीत ठरतो. हा म्हणतो, सरकारनं तो वाढवावा, आणि ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे एकरकमी मिळवून द्यावेत. आजच्या पुस्तकी हिशेबानं सरकारला बाजारात ओढणारी ही डावी मागणी. तोच माणूस पुढच्या वाक्याला म्हणतो, दोन कारखान्यांत किमान 25 किलोमीटर अंतर हवं, ही अट काढा, जो जास्त दर देईल त्याला ऊस घालू. बाजार मोकळा करा म्हणणारी ही झाली उजवी. गडी गोंधळलाय का? मला तसं वाटत नाही. काट्यावर ट्रॉली उभी राहिल्यावर कारखान्यापुढं आपली ताकद किती, हा एकच प्रश्न त्याच्या दोन्ही मागण्यांमागं आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी म्हणायचे, सरकारनं बाजारातून बाजूला व्हावं. एन. डी. पाटलांची शेकापची, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाची, परंपरा म्हणायची, सरकारनं बाजारात पाय रोवून उभं राहावं. शेतकऱ्याच्या बाजूनं दोघंही आयुष्यभर लढले.

आणि शाहू महाराज? फ्रान्सच्या मापानं गादीवरचा माणूस, म्हणजे उजव्यांच्याही पलीकडचा. याच माणसानं 26 जुलै 1902 च्या आदेशानं संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. कुठल्या सभागृहाला विचारलं नाही. नकाराधिकार सोडा, होकाराधिकारही त्यांच्याच हातात होता. दसरा चौकात उभं राहिलात की वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठीच्या बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. व्हर्सायच्या त्या बाकांना जात नावाचा प्रश्न पडलेलाच नव्हता.

तो बाबासाहेबांनी रोखठोक मांडला. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढं सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्याकडच्या डाव्यांना दुसरा शत्रू लगेच पटला. पहिल्यापाशी ते फार काळ घुटमळले, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकेल.

पुढच्या रांगेतले एक आजोबा मघापासून हात वर करतायत. विचारा. 'सर, ते सगळं खरं, पण तुम्ही स्वतः कुठले?'

सांगतो की. राजाच्या नकाराधिकारावर मी डावीकडे बसलो असतो. कारखान्यांच्या अंतराच्या अटीवर उजवीकडे. आणि 1902 च्या त्या आदेशाच्या दिवशी राजाला अडवायची ताकद कुठल्याच सभागृहाकडे नव्हती, याबद्दल अंबाबाईला नारळ वाढवला असता.