शेंगा चटणी घ्या, तिखट बोला

(मागाचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.)

मे महिना. सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर, आणि रॉक बँडमधली ही चार पोरं संक्रांतीचं गाणं करायला बसलीत. सणाचं गाणं सणाच्या कितीतरी आधी करावं लागतं. इंग्लंडच्या स्लेड बँडनं १९७३ साली ख्रिसमसचं गाणं न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड केलं होतं, आणि डिसेंबरात ते तिकडं पहिल्या नंबरावर गेलं. आपल्या पोरांचं मागणं एवढं मोठं नाही. गड्ड्यावर, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या जत्रेत, आकाशपाळण्याशेजारी वाजलं तरी बास, असं गिटारवाला म्हणतो.

गाणं चेष्टेचं आहे. गोड बोलणं पुण्या-मुंबईवाल्यांनी करावं. सोलापूरकराला माया आली तरी तो आधी ‘काय करलालास बे’ म्हणून खेकसणार. म्हणून इथं तिळगुळाच्या जागी शेंगा चटणी. मधेच एक ओळ कानडी येते, ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’, म्हणजे तीळगूळ खाऊन चांगलं बोला. ती बासवाल्याच्या घरची.

स्टुडिओ म्हणजे माडीवरची खोली. भिंतींवर या चादरी बघा. जॅकार्ड मागावर विणलेल्या, दोन्ही अंगांनी नक्षी असलेल्या, अस्सल सोलापुरी. झांजांचा चरचराट त्या जिरवतात. बासचा घुमारा जिरत नाही, तो खाली देवघरापर्यंत जातो. माईक पंख्याचा आवाज पकडतो म्हणून पंखा बंद. एक टेक झाला की दार उघडायचं, घाम पुसायचा, दार लावायचं.

पण या गाण्याचा जीव खोलीत नाही, पूर्व भागातल्या या यंत्रमागाच्या कारखान्यात आहे.

सगळे माग चालू असले की इथं शंभर डेसिबलच्या आसपास आवाज होतो. शेजारच्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावं लागतं. त्यात एक माग वेगळा टिपणं शक्यच नव्हतं. मजुरी मालावर, त्यामुळं बाकीचे माग बंद ठेवा म्हणायची सोय नाही. शेवटी सुट्टीचा दिवस गाठला आणि माग चालवणाऱ्या अण्णांनी एकच माग चालू केला. नाजूक माईक पहिल्याच ठोक्याला फाटून आवाज देऊ लागला, म्हणून गाण्याचा साधा माईक धोट्याच्या पेटीपाशी धरला. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारा. दुसरा माईक फणीच्या, म्हणजे तो धागा ठोकून बसवणाऱ्या दातेरी चौकटीच्या, मागं. दहा मिनिटांत दोन्हींवर कापसाचा हा असा थर.

(जवळून: धोटा डावीकडून उजवीकडे. फणीचा ठोका.)

ड्रमर चारात मोजत होता आणि सारखा चुकत होता. अण्णांनी त्याचा हात धरून मागाच्या चौकटीवर ठेवला. हा टॉवेलचा माग. दोन धाग्यांना फणी अर्ध्यातच थांबते, तिसऱ्याला पूर्ण येऊन दाबते. त्या दाबानं टॉवेलवरचे फास उभे राहतात. म्हणजे ठोका तीनाचा. धोटा मात्र दोनाचा, एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन्ही जुळायला सहा लागतात. सहा मात्रा! तबलजी ज्याला दादरा म्हणतो, तो इथं रोज पाळीभर वाजतो आणि कुणी त्याला संगीत म्हणत नाही. गाण्याची चाल मग सगळी बदलली. रॉकवाल्यांनी गिटारा सहात बसवल्या.

आणखी एक भानगड. करंट कमी-जास्त झाला की माग हलकेच मंदावतो, पट्टा सरकतो. रेकॉर्डिंगवाले कानात घड्याळासारखी टिकटिक लावून वाजवतात, ती इथं बाद. कॉम्प्युटरवर मागाचा वेग सरळ करून घेता आला असता. त्यांनी केला नाही, आणि आमच्या मते तेच बरोबर. ड्रमर मागाच्या मागं मागं वाजवतो.

जानेवारी. सिद्धरामेश्वरांची यात्रा. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भक्त, सात नंदीध्वज, सम्मती कट्ट्यावर अक्षता. यातला जयघोष गाण्यात घ्यायचं ड्रमरच्या डोक्यात होतं. बासवाल्यानं सरळ नाही म्हटलं. तो स्वतः बाराबंदी घालून चालतो. चेष्टेच्या गाण्यात ते नको. विषय तिथंच संपला.

(होम मैदान, रात्र. गड्डा. गाणं, पूर्ण आवाजात.)

गाणं संक्रांतीच्या आधी ऑनलाइन आलं. हा माग दिवाळीनंतरच भंगारात गेला होता. त्या जागी बिनधोट्याचा बसलाय.

अण्णांनी मोबाईल कानाला लावून पूर्ण ऐकलं. म्हणाले, “दुसऱ्या कडव्यात माग जड चाललाय. करंट कमी होता तेव्हा.” ड्रमरनं घरी जाऊन मोजलं. मिनिटाला चार फेऱ्या कमी निघाल्या.