अंतूरच्या माथ्यावरचं तळं

(दृश्य : पठारावरची कच्ची वाट, दोन पाठमोरी माणसं. पहिले काही क्षण फक्त पावलांचा आणि पाखरांचा आवाज.)

कन्नड तालुक्यातलं नागापूर मागं पडलं की डांबर संपतं आणि लाल मुरमाची वाट सुरू होते. चढ जवळजवळ नाहीच. अंतूर हा किल्ला असून त्याच्याकडं जाताना आपण डोंगर चढत नाही, डोंगराच्या पाठीवरून चालत जातो. चढायचं ते शेवटी, आणि तेही थोडंच. आरामात चाललं तर दोन तास.

मराठवाड्यात डोंगर आहेत म्हटलं की समोरचा हसतो. नाशिक-पुण्याकडं जा म्हणतो. पण ही अजिंठ्याची रांगही सह्याद्रीचीच फांदी. दिवाळी तोंडावर आलेली, पाऊस नुकताच उघडलेला. गवत कमरेएवढं, आणि त्यात कुसळ. मोजे घालून आलात तर घरी जाऊन रात्रभर कुसळंच वेचायची. कडेनं सीताफळीची झुडपं, मधूनच साग, उतारावर पांढऱ्या खोडाची सालई.

(दृश्य : पठाराची कड. कॅमेरा डावीकडून उजवीकडं सावकाश.)

इथं जरा थांबा. या कडेवर एक गंमत आहे, ती कॅमेऱ्यात मावत नाही म्हणून सांगावी लागते. आपल्या पाठीमागं दक्षिणेला पडलेला पाऊस गोदावरीला मिळतो, तिथून आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला. समोर उत्तरेला पडलेला पाऊस खानदेशात उतरतो, तापीला मिळतो आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात जातो. एकाच ढगाचं पाणी, पण डोंगराच्या कोणत्या अंगाला पडलं यावर त्याचा समुद्र ठरतो. आणि दोन्ही अंगांनी ते पळतंच. उतार असा की थांबायला जागा नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं आपण जे बघायला चाललोय ते या पळणाऱ्या पाण्याला थांबवण्याचं काम आहे.

(दृश्य : रानात उभा चौकोनी दगडी खांब. अक्षरांवर जवळून.)

वाटेवर हा खांब लागतो. गुरं त्याला अंग घासतात, पोरं टेकून बसतात. नीट बघितलं तर चारी अंगांना फारसी अक्षरं आहेत. हा अहमदनगरच्या निजामशाही काळातला दिशादर्शक दगड. कुठून कुठं जायचं ते यावर कोरलंय : बऱ्हाणपूर, दौलताबाद, अहमदनगर, आणि हाताशी आलेला अंतूर. आज जिथं मोबाइलची रेंज मिळत नाही, तिथून एके काळी तीन मोठ्या शहरांच्या वाटा फुटत होत्या. व्यापारी, घोडी, बैलांचे तांडे, फौजा, सगळं खानदेशातून घाट चढून दख्खनच्या पठारावर यायचं. त्यावर नजर ठेवायला डोंगराचं पुढं आलेलं हे नाक पाहिजेच होतं.

(दृश्य : खंदक. माणूस खाली, तट वर, मापाचा अंदाज यावा इतपत.)

नाकाला मागच्या पठाराशी जोडणारी धार होती ती तोडली. सरळ कातळ आडवा कापला आणि किल्ला वेगळा केला. खालून वर बघताना मान दुखते. आता हा दगड गेला कुठं? आपल्या बऱ्याच गडांवर याचं उत्तर सारखंच सापडतं. काढलेला दगड तटाला लागतो आणि दगड काढून झालेल्या खड्ड्यात पाणी साठतं. छिन्नी एकच, कामं दोन.

मग दरवाजे. एकामागून एक तीन, वळणं घेत, म्हणजे हत्तीला धावायला सरळ जागा मिळू नये. वर फारसी शिलालेख आहे. दरवाजे देखणे आहेत यात शंका नाही, पण त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आत जाऊ.

(दृश्य : दरवाजाच्या अंधारातून बाहेर, एकदम मोकळा माथा आणि पाणी. इथं दहा सेकंद निवेदन नाही.)

हे ते तळं.

ड्रोन आणला नव्हता, म्हणून हे दृश्य तटावरून घेतलंय. काठावर दर्गा, मागं पडक्या इमारती, त्यापलीकडं कडा आणि कड्याखाली खानदेश. पाण्यात टिबुकल्या आहेत. बुडी मारली की कुठं वर येतील ते सांगता येत नाही, आमचा कॅमेरावाला अर्धा तास त्यांच्याच मागं होता.

डोंगराच्या टोकावर, तिन्ही बाजूंनी कडा असताना, पाणी आलं कुठून? लोक झरा म्हणतात, कुणी चमत्कार म्हणतं. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. मराठवाड्यात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा. म्हणजे एका हेक्टरवर वर्षाला 70 लाख लिटर. सगळं हाती लागत नाही, काही मुरतं, काही उडून जातं. पण निम्मं जरी अडवलं तरी शिबंदीला, घोड्यांना आणि बांधकामाच्या चुन्याला पुरून उरावं.

अडवायचं म्हणजे तळ धरला पाहिजे. हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एकावर एक भाकरी रचाव्यात तसे थर. काही थर सच्छिद्र, मुरमाड. त्यांतून पाणी निसटतं. मधे कुठं लाल मातीचा पट्टा. आणि काही थर घट्ट काळा पाषाण, ज्याच्यावर पहारीचा आवाजच वेगळा येतो. विहीर खोदणाऱ्या कुणालाही विचारा, तो आवाजावरून थर सांगेल. तळ्याची जागा निवडणाऱ्यानं ते ओळखलं असणार. माथ्याचा उतार या बाजूला, खाली घट्ट कातळ, आणि जिकडून पाणी निसटलं असतं तिकडं दगडाची भिंत. पंप नाही, पाइप नाही. पावसाच्या पहिल्या महिन्यात माथाच तळं भरून देतो.

हे शहाणपण त्या काळात एकट्या अंतूरला होतं असं नाही. याच निजामशाहीचा कारभार पुढं मलिक अंबरनं हाकला. त्यानं 1610 साली खडकी वसवली, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं नदी नावापुरती. त्यानं शहराच्या उत्तरेच्या डोंगरांतलं भूजल जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणलं. ती नहर-ए-अंबरी. शहरात मातीखाली तिचे अवशेष अजून आहेत. दरबारी इतिहासात अंबरच्या लढाया वाचायला मिळतात. गनिमी काव्यानं त्यानं जहांगिराच्या फौजांना जेरीस आणलं, हे खरंच. पण आमच्या मते त्याची मोठी लढाई उताराशी होती आणि ती त्यानं जिंकली. माथ्यावर अडवायचं की जमिनीखालून आणायचं, प्रश्न एकच : पडलेलं पाणी पळायच्या आत धरायचं.

(दृश्य : काठावर बसलेले गुराखी बाबा, हातात काठी. मागं शेळ्या.)

बाबांना विचारलं, तळं किती खोल? त्यांनी काही न बोलता काठी पाण्यात घातली. काठाशेजारीच काठी गेली, गेली, आणि मऊ लागली. दगड नव्हता तो. बाबा म्हणाले, "खाली लई गाळ हाय बघा."

गाळ भरतोय, पाणी कमी मावतंय, आणि दुष्काळी वर्षात खालच्या पट्ट्यात टँकर फिरतात. 2016 च्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

(दृश्य : काठावर प्लॅस्टिकच्या बाटल्या. जास्त वेळ नको.)

चालणाऱ्यांसाठी काही गोष्टी. वर दुकान नाही, पिण्याचं पाणी घरून घ्या. तळ्यात उतरू नका, तळ निसरडा आहे. पावसाळ्यात मुरमाची वाट चिखलते आणि तटाच्या कडेला गवत वाढलेलं असतं, तिथं पाय जपून. उन्हाळ्यात दुपारी इथं काहीच सावली नाही. दिवाळीच्या आगेमागे या.

(दृश्य : उतरणीचं ऊन, पाण्यात उलटा दिसणारा तट. शेळ्या पाण्याला लागल्यात.)

शेळ्या काठाच्या एकाच जागेवरून पितात. तिथला दगड गुळगुळीत झालाय. बाबा घरी निघालेत, खंदकापर्यंत आमची वाट एकच.

(निवेदन इथं संपतं. घंट्यांचा आवाज दूर जाईपर्यंत चित्र चालू.)