तेरा दिवसांचा जंतू आणि तीन वर्षांची ग्रांट

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात, गाड्या उशिरा धावत असताना आलात, मनापासून बरं वाटलं. मी त्वचेच्या पेशींवर लॅबमध्ये काम करते, म्हणजे तीळ का बिघडतो, कोड का येतं, असले प्रश्न. डॉक्टर नाहीये मी, हे आधीच सांगते.

वडाळ्यात बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. कुष्ठरोग्यांचं अ‍ॅक्वर्थ हॉस्पिटल तुमच्या पायाखालचं, १८९० पासूनचं. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन नावाच्या डॉक्टरला त्याच्याही आधी, १८७३ मध्येच सापडला होता. आणि तरी आज दीडशे वर्षं होऊन गेली, तो जंतू लॅबमधल्या बशीत काही केल्या वाढत नाही, काहीही खायला घाला, हटून बसतो. १९६० मध्ये शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की उंदराच्या तळपायात टोचला तर थोडाफार वाढतो. पण वेग बघा, पोटातला ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, हा तेरा-चौदा दिवस घेतो! म्हणजे एखादं औषध त्याच्यावर चालतंय का बघायचं तर उंदीर महिनोन्‌महिने सांभाळायचे, त्यांचं खाणं, पिंजरे, एसी, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, सगळं चालू ठेवायचं.

आणि आपल्याकडे सरकारी प्रोजेक्टचा पैसा, म्हणजे ग्रांट, बहुतेक तीन वर्षांचा असतो. त्यातलं पहिलं वर्ष एथिक्स कमिटी, मशीनची टेंडरं आणि माणसं नेमण्यात जातं, तिसऱ्या वर्षात पुढच्या ग्रांटचा अर्ज लिहायचा. मग काम कधी करायचं? माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे, कातडीचे आजार हळू चालतात आणि पैसा तेवढा वेळ थांबत नाही.

लॅबमध्ये नेमकं काय होतं ते सांगते, कारण फंडिंग म्हटलं की लोकांना मोठी मोठी मशीनं दिसतात. ऑपरेशनमध्ये उरलेला कातडीचा तुकडा येतो, नखाएवढा. तो एका एन्झाइममध्ये रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी चिमट्याने धरलं की वरचा थर अलगद सुटून येतो, उकडलेल्या बटाट्याचं साल निघतं ना, तस्सा. मग त्यातल्या पेशी सुट्या करून वाढवायच्या. रंग बनवणाऱ्या पेशी पुरेशा वाढल्या की त्या गोळा करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या, नळीच्या तळाशी काळसर ठिपका जमतो. तो ठिपका पहिल्यांदा जमला तेव्हा मी कितीतरी वेळ नळी उजेडात धरून बघत होते. आपला सगळा वर्ण, ज्याच्यावरून आपण लग्नं मोडतो, तो त्या एवढ्याशा ठिपक्यातला.

त्या पेशींना कार्बन डायऑक्साइड सतत लागतो. मी आधी जिथे होते तिथे एका वर्षी ग्रांटचा हप्ता पाच महिने आला नाही, सिलिंडरवाल्याचं बिल थकलं, त्याने नवा सिलिंडर द्यायचं थांबवलं, त्याची काय चूक? इन्क्युबेटरमधल्या पेशी गेल्या. कोड असलेल्या अकरा पेशंटच्या पेशी होत्या त्या, आणि त्यांच्याकडे परत तुकडा मागायला जायचं तोंड नव्हतं. माझ्याबरोबरच्या मुलीला तेव्हा फेलोशिपही मिळत नव्हती, ती डोंबिवलीहून रोज यायची, शेवटी नोकरी धरली तिने. हे मला अजून लागतं.

आता म्हणाल, लॅबमधून हाती काय येतं? १९८० मध्ये दोन शास्त्रज्ञ फळांवर बसणाऱ्या माशीच्या अळ्या बघत होते, त्यात हेजहॉग नावाचा जीन सापडला. तेव्हा कुणाला सांगितलं असतं की यातून कॅन्सरचं औषध निघेल, तर कुणी पैसे दिले नसते. १९९६ मध्ये कळलं की बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे गोऱ्या लोकांत सगळ्यात जास्त आढळणारा कातडीचा कॅन्सर, त्याच हेजहॉगच्या, पेशींतल्या निरोपांच्या साखळीतल्या बिघाडाने होतो. २०१२ मध्ये गोळी आली. बत्तीस वर्षं, म्हणजे तीन वर्षांच्या दहा ग्रांटा आणि वर दोन वर्षं!

मग ग्रांट देणाऱ्या कमिटीत हमखास प्रश्न येतो की कातडीचा कॅन्सर भारतात कमी, त्यावर खर्च कशाला. कमी आहे, खरंय. पण आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे कुणी बघत नाही, भेग असेल, ठेच लागली असेल म्हणत उशीर होतो. आणि हा मेलॅनोमा आतूनही वेगळा आहे. गोऱ्यांच्या जवळजवळ निम्म्या मेलॅनोमात बीरॅफ नावाच्या जीनमध्ये बदल असतो, २००२ मध्ये तो सापडला आणि त्यावरची गोळी २०११ मध्ये आली. तळपायाच्या मेलॅनोमात तो बदल बराच कमी वेळा दिसतो. मग आपल्या पेशंटचं औषध कोण शोधणार? परळला कमल रणदिवेंनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची लॅब, उभी केली, कॅन्सरवर काम करता करता कुष्ठरोगाच्या लसीचंही काम केलं, कारण आजार इथला होता. गजकर्णही आज तसंच इथलं दुखणं आहे, स्टेरॉइडची मलमं चोळून चोळून आणि नेहमीच्या गोळीला दाद न देणारी बुरशी पसरून आपल्याकडे ते हट्टी झालंय, घरंच्या घरं खाजवतायत.

एका काकूंची चिठ्ठी आलीये, नखात काळी रेघ आहे, घाबरू का. काकू, आपल्या वर्णात बऱ्याच नखांत अशा रेघा असतात, बहुतेक वेळा काही नसतं. पण एकाच नखात असेल, रुंद होत असेल किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर या आठवड्यातच स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तुकडा काढायची वेळ आलीच, तर सही करायच्या कागदावर उरलेला तुकडा रिसर्चला द्यायचा का, असं विचारलेलं असू शकतं. नीट वाचा, शंका विचारा, आणि मनाला पटलं तर हो म्हणा, आमचं काम त्या तुकड्यापासूनच सुरू होतं.