प्रभारी संचालक आणि रोही

(नागभीड तालुक्यातील एका गावाच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सरपंचताई, वाचनालयाचे अध्यक्ष, सचिव आणि मंडळी,

फळ्यावर विषय लिहिलाय, 'संशोधन विद्यापीठाचे वरिष्ठ शैक्षणिक नेतृत्व'. मी सचिवांना फोनवर एवढंच म्हणालो होतो, की विद्यापीठं खरी कोण चालवतं त्यावर बोलतो. त्यांनी त्याचं हे असं बारसं केलं. असा फळा वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपलाय किंवा आतल्या चहाचा वास बाहेरपर्यंत गेलाय.

सुरुवातीलाच एक विचारतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू कोण, हे किती जणांना माहीत आहे? तीन हात. बरं. संशोधन संचालक कोण? … कोणीच नाही. मागं एक हात अर्धा वर आला होता, तो बहुतेक डोकं खाजवायला. (हशा) तुम्हाला दोष देत नाही. मी याच क्षेत्रात केस पांढरे केले, तरी आज छातीठोक सांगू शकत नाही. आणि माझं म्हणणं असं, की तुमच्या धानाच्या बांधीत पुढच्या दहा वर्षांत कोणतं बी पडणार, हे त्या न माहीत असलेल्या माणसावर जास्त अवलंबून आहे.

रचना तुम्हाला ठाऊक आहे, भरभर सांगतो. राज्यात चार कृषी विद्यापीठं. राहुरी 1968, अकोला 1969, परभणी आणि दापोली 1972. चौघांना मिळून 1983 चा एक कायदा. राज्यपाल कुलपती, कृषिमंत्री प्रतिकुलपती, मग कुलगुरू. कुलगुरूंच्या खाली तीन खांब: शिक्षणाचे अधिष्ठाता, संशोधन संचालक आणि विस्तार शिक्षण संचालक. बाजूला कुलसचिव आणि पैशाची किल्ली असलेले नियंत्रक. शिकवणारा, शोधणारा आणि शेतापर्यंत पोचवणारा एकाच छपराखाली असावा, ही कल्पना अमेरिकेतली. आपल्या देशात तसं पहिलं विद्यापीठ 1960 साली पंतनगरला निघालं. तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते आपल्या पापळचे पंजाबराव देशमुख, 1952 ते 62, सलग. आणि या शेतीच्या माणसानं डॉक्टरेट कशावर केली होती? विलायतेला जाऊन, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर! आजच्या छाननी समितीनं त्यांचा अर्ज 'विषय संबंधित नाही' म्हणून पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला असता.

असो. 2021 च्या डिसेंबरात मुंबईत मोठं भांडण झालं, आठवतं? ते कृषी विद्यापीठांचं नव्हतं, इतर विद्यापीठांचं होतं, तुमच्या गोंडवानासारख्या. कुलगुरू नेमताना राज्यपालांचा शब्द शेवटचा की सरकारचा? कायद्यात दुरुस्तीचं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, वर्षभरात सरकार बदललं, दुरुस्ती मागं घेतली. त्या काळात वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने. सगळे पहिल्या खुर्चीवर. दुसऱ्या ओळीतल्या खुर्च्यांवर कोण बसलंय, की नुसता टॉवेल टाकून ठेवलाय, याबद्दल एक ओळ नाही.

टॉवेल म्हणजे प्रभारी, रिकाम्या जागेचा तात्पुरता भार सांभाळणारा. आणि इथं मला रोह्याची गोष्ट सांगायची आहे. सचिव घड्याळ बघताहेत, पण ही सांगितल्याशिवाय मी खाली बसत नाही.

मी एका संशोधन केंद्रावर होतो. कोणतं ते विचारू नका, विद्यापीठही विचारू नका. कापूस-तुरीचा पट्टा, तुमच्यासारखं धानाचं सुख नाही. आमच्याकडे तुरीच्या वाणांची चाचणी लागलेली. चाचणी म्हणजे प्रत्येक वाण तीन-तीन ठिकाणी, वाफ्यांच्या तीन गटांत, पेरायचा, चिठ्ठ्या टाकून, विखरून. म्हणजे एका कोपऱ्यात जमीन हलकी असली तर तिचा दोष वाणाच्या माथी बसत नाही. अशी चाचणी एकाच ठिकाणी चालत नाही, चार-पाच केंद्रांवर एकाच वेळी लागते, आणि तीन वर्षांची माहिती जमल्याशिवाय चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, ज्याला आमच्यात 'अॅग्रेस्को' म्हणतात, वाणाची शिफारस होत नाही.

शेताच्या एका अंगाला नाला, नाल्यापलीकडं झुडपी जंगल, आणि त्या जंगलात रोही. पुण्या-मुंबईकडं नीलगाय म्हणतात. तिथं ती फक्त फोटोत असते म्हणून गाय वाटते. आमच्याकडं ती घोड्याएवढी असते आणि तुरीला फूल आलं की तिला कॅलेंडर लागत नाही. मी जूनमध्येच झटका मशीनचा, म्हणजे जनावरांना विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाचा, प्रस्ताव पाठवला. सोलर पॅनल, बॅटरी, तार, खांब. फार मोठी रक्कम नव्हती, पण केंद्रप्रमुखाच्या अधिकारापेक्षा थोडी वर. म्हणून फाईल संशोधन संचालकांकडं.

संचालक प्रभारी. मूळचे विभागप्रमुख, त्यातच एका महाविद्यालयाच्या अधिष्ठातापदाचाही भार त्यांच्याकडं. तीन खुर्च्या, माणूस एक. फाईल महिनाभर टेबलावर राहिली, मग नियंत्रकांकडं गेली. तिथून परत आली, 'सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता जोडावी'. सक्षम प्राधिकारी कोण? संचालक. संचालकांचा शेरा आला, 'नियमित संचालक रुजू झाल्यावर सादर करावे.' मी स्वतः एसटीनं जाऊन भेटलो. माणूस वाईट नव्हता, उलट फार सरळ होता. चहा पाजला आणि म्हणाला, "हे बघा, मी इथं आज आहे, उद्या नाही. सही माझी, आणि चार वर्षांनी ऑडिटच्या आक्षेपाचा पॅरा निघाला तर तो माझ्या मूळ जागी येऊन बसेल. निवृत्तीच्या वेळी पेन्शन अडकेल. तुमच्या तुरीसाठी मी ते अंगावर का घेऊ?" यावर काय बोलणार? मी चहा संपवला.

डिसेंबरात एके दिवशी पहाटे आमचा जागलीवरचा रोजंदार मजूर क्वार्टरवर आला. "सायेब, मधातले वाफे सफा केले." मी पळत गेलो. रोह्यांनी पहिला गट तसाच ठेवलेला, तिसऱ्यात थोडं तोंड मारलेलं, दुसरा गट खराट्यानं झाडल्यासारखा. सगळं खाल्लं असतं तर निदान सरळ 'चाचणी अयशस्वी' लिहिता आलं असतं. यांनी आमचं संख्याशास्त्रच खाल्लं. आणि त्यातही एक वाण तिन्ही ठिकाणी शिल्लक! कडू असणार. मजूर म्हणाला, "सायेब, हाच वाण द्या कास्तकाराले, रोही खात नाही." मंडळी, त्या वर्षी आमच्या केंद्रावरचा तो एकमेव निष्कर्ष, आणि तो काढला रोजंदारानं. (हशा, टाळ्या)

थांबा, गोष्ट संपली नाही. मार्चमध्ये मंजुरी आली! निधी 31 मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर परत. आम्ही केला. उलंगवाडी झालेलं शेत, तूर घरी, पऱ्हाटी उपटलेली, आणि चारही बाजूंनी कडक वीज सोडलेली तार. आत संरक्षणाला ढेकळं. एप्रिल-मे दोन महिने आम्ही ढेकळांना रोह्यांपासून वाचवलं. पावसाळ्यापर्यंत बॅटरी बसली, आणि बॅटरी बदलायची फाईल… जाऊ द्या.

वर्ष वाया गेलं ते एका केंद्राचं नाही. एका ठिकाणची माहिती नाही म्हणून त्या वाणांचा निर्णय पुढं ढकलला. आणि हे सगळं झालं तेव्हा कुलगुरू होते, पूर्णवेळ होते, चांगले होते. ते त्या दिवशी कुठंतरी शेतकरी मेळाव्याचं उद्घाटन करत असतील. तेही काम आहेच.

चिठ्ठी आली. 'पंधरा मिनिटं, शेजारच्या गावात नाटक आहे.' वडसाची नाटक कंपनी आहे का? मग माझं काही खरं नाही. झाडीपट्टीच्या नाटकासमोर कुलगुरूसुद्धा टिकले नसते. आता मूळ मुद्द्यावर येतो. यायला पाहिजे होतं तासाभरापूर्वी.

मला दोन माणसं आठवतात. एक सी. व्ही. रामन. हे रामन 1910 च्या सुमारास आपल्या नागपुरात होते. सरकारी हिशेब खात्यात, अकाउंट तपासत! नागपूर विद्यापीठ निघालं 1923 ला, त्यामुळं आपल्या विद्यापीठाची त्यात चूक नाही, पण हळहळ वाटतेच. कलकत्त्याला मात्र आशुतोष मुखर्जी होते, हायकोर्टाचे न्यायाधीश आणि विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी या हिशेबनीसाला हेरलं आणि भौतिकशास्त्राचं पालित प्राध्यापकपद देऊ केलं. त्या पदाला परदेशातल्या प्रशिक्षणाची अट होती. रामन म्हणाले, मी जाणार नाही. मग आशुतोषबाबूंनी अटच बाजूला करून घेतली. रामन सरकारी नोकरीतला मोठा पगार सोडून 1917 ला रुजू झाले. रामन परिणाम 1928 चा, नोबेल 1930 चं. आशुतोषबाबू वारले 1924 ला. त्यांच्या डोळ्यांसमोर यातलं काहीही घडलं नाही.

दुसऱ्या माणसाचं नाव या खोलीत मी सांगायची गरज नाही. तुमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत. 1983 ला पटेल-3 या धानाच्या बांधीत वेगळ्या रंगाच्या दोन-चार लोंब्या दिसल्या, त्या जपल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या, आणि आज देश ज्याला 'एचएमटी' म्हणून ओळखतो तो तांदूळ उभा केला. 1994 ला सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं त्यांच्याकडून बियाणं नेलं. 1998 ला अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून, म्हणजे पीकेव्हीकडून, 'पीकेव्ही एचएमटी' आलं. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही शुद्धीकरण केलं, गुणधर्म स्थिर केले. आणि ते काम सोपं नाही, मी स्वतः तेच करत आलो. दादाजींचं म्हणणं, वाण माझा. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येईल असा कायदा आपल्याकडं 2001 ला झाला, तोवर वेळ गेली होती. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'फोर्ब्स'च्या यादीत नाव आलं, आणि 2018 ला गेले तेव्हा हलाखी संपलेली नव्हती.

आता मला सांगा, 1994 ते 98 या काळात कोणी एकानं ठरवायचं होतं, की या माणसाचं नाव वाणावर लागेल का, त्याला काय मिळेल, त्याला केंद्रावर बोलवून पुढचं काम द्यायचं का. हे ठरवणं कुलगुरूंच्या भाषणात बसत नाही. ते संशोधन संचालकाचं काम. ही खुर्ची मजबूत असती तर सिंदेवाहीला रामन सापडला होता, असं मी म्हणतो. तुम्हाला पटेल न पटेल.

दहा मिनिटं? पाच. बरं.

संकर केल्यापासून शिफारस होईपर्यंत वाणाला आठ-दहा वर्षं लागतात. कुलगुरूंची मुदत पाच. म्हणजे स्वतः सुरू केलेला वाण स्वतःच्या कारकिर्दीत प्रसारित करणारा कुलगुरू जवळपास अशक्य. त्यांच्या काळात फोटो निघतो तो आधीच्याच्या कामाचा. म्हणून हे सातत्य दुसऱ्या ओळीनं सांभाळायचं असतं, आणि ती ओळ आपण प्रभारींवर चालवतो. एका सालाच्या ठेक्यानं शेत केलेला माणूस बांधावर आंब्याचं कलम लावत नाही, का लावावं?

आता करायचं काय. सरकारी माणूस कधी निवृत्त होणार, हे तो नोकरीला लागतो त्या दिवशीच कळतं. मग संचालकाच्या निवडीची जाहिरात खुर्ची रिकामी झाल्यावर का निघते? आधी निघावी. प्रभार द्यायचाच असेल तर ठरावीक मुदतीचा द्या, आणि त्या मुदतीत पूर्ण अधिकार द्या, सहीमागं संस्था उभी राहील असं लेखी द्या. केंद्रप्रमुखाची खर्चाची मर्यादा वाढवा, म्हणजे झटका मशीन जुलैत लागेल. आणि कुलगुरू शोधणाऱ्या समितीनं एक प्रश्न विचारावा. प्राध्यापक म्हणून दहा वर्षं झाली का, हे नियमात आहे, ठीक. पण तुम्ही कोणाला घडवलं, तुमच्या हाताखालचे कोण आज तुमच्यापेक्षा पुढं आहेत, हे विचारा. शोधनिबंधांची संख्या कारकूनही मोजू शकतो.

अधिष्ठात्यांबद्दल बोलायचं राहिलं. विस्तार संचालकांबद्दलही. पुढच्या वर्षी बोलवा.

शेवटचं, व्यवहाराचं. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात, आमदार असतात. ते गावात आले की त्यांना रस्त्याचं विचारता, तसं हेही विचारा: संचालक, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांतल्या किती जागा प्रभारी आहेत आणि कोणत्या तारखेपासून? त्यांना सांगता आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्जाचा मसुदा मी लिहून आणलाय, तिकडं वर्तमानपत्रांच्या टेबलावर आहे. प्रती वीसच आहेत. ज्यांना पाहिजे त्यांनी घ्या, आणि खाली नाव-पत्ता वाचता येईल अशा अक्षरात लिहा, नाहीतर त्याच कारणावरून परत येईल.