साडेचारची खिडकी

(काळा पडदा. गजर वाजतो, दुसऱ्या ठोक्याला बंद होतो.)

पहाटेचे साडेचार. डिसेंबर. नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या या गल्लीत दूधवाला यायला अजून तासभर आहे. एका खिडकीत उजेड पडतो.

हे माझे मामा. कानटोपी, स्वेटर, स्वेटरवर शाल, आणि शालीतून बाहेर आलेली दोन बोटं लॅपटॉपवर. आतून मामींचा आवाज येतो, "अहो, खुर्ची ओढू नका. शेजारी झोपले आहेत." मामा ऐकतात, आणि तरी खुर्ची ओढतात.

साडेचारच का? कारण आपल्याकडे साडेचार झाले की जर्मनीत हिवाळ्यात रात्रीचे बारा वाजतात. तारीख बदलते आणि नवीन दार उघडतं.

तिकडे नाताळच्या आधी मुलांसाठी पुठ्ठ्याचं एक कॅलेंडर लावतात. 1 डिसेंबरपासून 24 डिसेंबरपर्यंत चोवीस छोटी दारं. रोज एक उघडायचं, आत चॉकलेट. जिओकॅशिंग म्हणजे लपवलेल्या डब्या जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा खेळ. तो खेळणाऱ्या लोकांनी त्या दारांमागे चॉकलेटऐवजी कोडी ठेवली. कोडं सुटलं की अक्षांश-रेखांश मिळतात, आणि त्या जागेवर एक डबी लपवलेली असते. तिला म्हणतात कॅश. डबी असते जर्मनीतल्या कुठल्यातरी रानात, झाडाच्या ढोलीत. मामा तिथे कधी जाणार नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टही नाही.

मामी सांगतात, "पहिल्या दिवशी मला म्हणाले, कॅश शोधून राहिलो. मला वाटलं, पेन्शनचं काही अडकलं."

(मामांच्या जुन्या कचेरीतले फोटो. साखळी, टेबलावर पसरलेला नकाशा.)

मामा मोजणी खात्यातून निवृत्त झाले. शेताच्या हद्दी मोजायच्या, खुणा दाखवायच्या, आणि दोन भावांची भांडणं दुपारभर उन्हात ऐकायची, ही तीस-पस्तीस वर्षांची नोकरी. त्यामुळे या खेळाच्या जन्माची गोष्ट त्यांना भारी आवडते, आणि आल्या-गेल्याला ते ती सांगतात.

2000 सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका आपल्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. 2 मे 2000 ला ही भेसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली रानात ठेवली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल, असं काहीबाही. जागेचे आकडे त्यानं इंटरनेटवर जाहीर केले. या, शोधा, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा.

"शंभर मीटर म्हणजे का, समजली तू?" मामा मला विचारतात. "शेताची धुरा शेजाऱ्याच्या विहिरीत जाते. डोकी फुटतात, पोरी."

आता या खेळाला जगभर लाखो डब्या आहेत. त्यातल्या ज्या नकाशावर निळ्या प्रश्नचिन्हानं दाखवतात, त्या मामांच्या. तिथला बिंदू खोटा असतो. खरी डबी साधारण तीन किलोमीटरच्या आत कुठेतरी, आणि नेमकी कुठे ते कोड्यात. उत्तर एका तपासनीस पानावर टाकायचं. चूक असेल तर लाल, बरोबर असेल तर हिरवं. मामांची कमाई एवढीच, ते हिरवं.

(जवळून : वहीचं पान. शिसपेन्सिल. अंश, मिनिटं, दशांश.)

आकडे अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाला तीन दशांश स्थळं. उत्तर-दक्षिण दिशेत शेवटचं एक घर चुकलं तर जमिनीवर 1.85 मीटरचा फरक. पूर्व-पश्चिम मात्र गाव कुठे आहे त्यावर ठरतं. नागपूरला तेच एक घर सुमारे 1.73 मीटर, आणि जर्मनीत 50 अंशांवर जेमतेम 1.2 मीटर, कारण ध्रुवाकडे जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येतात. हे सांगताना मामा टेबलावरचं संत्रं उचलतात, सोलतात आणि फोडी दाखवतात. मग त्या खातात. मला एकही देत नाहीत.

सणांची कोडी मामांना सगळ्यात अवघड गेली, आणि सगळ्यात जास्त आवडली. अवघड, कारण सण परके.

एका कोड्यात इंग्रजी मुळाक्षरांची नुसती रांग होती. एक अक्षर गायब, एल. मामांनी आठवडाभर त्यावर बेरजा-वजाबाक्या केल्या. शेवटी ऑफिसातले त्यांचे जुने मित्र, सदरला राहणारे, नाताळच्या करंज्या आणि केक घेऊन आले. त्यांनी कागद पाहिला आणि हसायला लागले. "नो एल. नोएल! अरे, नोएल म्हणजे नाताळच की." मामांना तो शब्दच माहीत नव्हता. माहीत नसलेल्या शब्दावरचा विनोद कसा सुटणार?

दुसऱ्यात बारा दिवस चालणाऱ्या भेटवस्तूंचं एक जुनं इंग्रजी गाणं होतं. पहिल्या दिवशी एक भेट, दुसऱ्या दिवशी दोन अधिक एक, असं चढत जाणारं. एकूण किती? मामांनी चहा गाळता गाळता तोंडी सांगितलं, 364. "वर्षाला एक दिवस उपाशी."

आणि ते हॅलोविनचं. एकच ओळ, इंग्रजीत : ऑक्ट 31 = डेस 25. खाली भोपळ्याचं चित्र आणि काही आकडे. 31 ऑक्टोबर हा भुताखेतांचा सण, 25 डिसेंबर नाताळ. मामांनी मधले दिवस मोजले, 55. लाल. महिने धरले, आठवडे धरले. लाल, लाल. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा इंजिनिअरिंगचा मुलगा जिन्यात बूट घालत होता. तो म्हणाला, "काका, ऑक्ट म्हणजे ऑक्टल, डेस म्हणजे डेसिमल." आणि गेला.

अष्टमान पद्धतीत 31 म्हणजे तीन आठे चोवीस, वर एक. पंचवीस. दशमान पद्धतीत 25. दोन सण अगदी बरोबरीत.

मामांना उत्तर मिळाल्याचा आनंद झाला नाही, राग आला, तो स्वतःचा. "आमचे बाबा पावकी, निमकी, दिडकी घोकवून घेत. रुपयाचे सोळा आणे. 1957 साली नवे पैसे आले तरी घरात हिशेब आण्यातच. सोळाचा पाया डोक्यात होता माह्या. आठाचा काऊन नाही सुचला?" हे त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर तीनदा विचारलं. दोनदा मी कापलं आहे.

(स्वयंपाकघर. भिंतीवर कॅलेंडर. मामी मेथी निवडत आहेत.)

ईस्टरचं कोडं मात्र मामींचं. आता हे त्या मान्य करत नाहीत.

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. कोड्यात लागोपाठच्या काही वर्षांच्या तारखा हव्या होत्या. मामा यादी शोधून मोकळे झाले असते, पण त्यांना ते फसवणूक वाटते. त्यांनी 2023 ची तारीख पाहिली, 9 एप्रिल, रविवार. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरात त्याच आठवड्यात गुरुवारी, 6 एप्रिलला, हनुमान जयंती. झालं! नियम सापडला. चैत्र पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर.

2024 ची हनुमान जयंती 23 एप्रिल. म्हणून मामांनी लिहिलं, 28 एप्रिल. लाल.

मामींनी मेथीतून मान वर न करता विचारलं, "आदल्या वर्षी अधिक महिना होता ना? श्रावण?"

होता. 2023 मध्ये अधिक श्रावण होता. त्यामुळे पुढच्या वर्षीचा चैत्र महिनाभर पुढे सरकला. ईस्टरला आपला चैत्र कळत नाही. त्याचा नियम असा, की 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. 2024 साली ती पौर्णिमा होळीची निघाली. धुळवड 25 मार्चला, सोमवारी. पुढचा रविवार 31 मार्च. हिरवं.

2025 ला मामांनी पुन्हा ठेच खाल्ली. हनुमान जयंती शनिवारी, 12 एप्रिलला. दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे 13? नाही. पौर्णिमा संपली तीच रविवारी पहाटे, आणि चर्चच्या कोष्टकातही ती 13 तारखेचीच. पौर्णिमा रविवारी पडली तर ईस्टर पुढच्या रविवारी. 20 एप्रिल.

मार्गशीर्षातले गुरुवार करणाऱ्या, महालक्ष्मीची पोथी वाचणाऱ्या माझ्या मामी आता ईस्टर कधी ते बोटांवर सांगतात. कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

(झिरो माईल. चार घोडे, खांब. मागे पोलिसांचे बॅरिकेड.)

एकदा सांताक्लॉजच्या हरणांचं कोडं आलं. आठ हरणांची नावं ज्या इंग्रजी कवितेत आहेत, ती 23 डिसेंबर 1823 रोजी अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात छापून आली. हे साल वाचून मामा थांबले. कोडं राहिलं बाजूला.

1823 च्या जानेवारीत, 20 तारखेला, विल्यम लॅम्ब्टन हिंगणघाटला मेला. हाच तो माणूस, ज्यानं 1802 मध्ये मद्रासेहून हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. त्रिकोणाला त्रिकोण जोडत, कोन मोजायचं जड थिओडोलाइट यंत्र वाहून नेत, वीस वर्षं तो वर वर सरकत आला. हैदराबादेहून नागपूरकडे निघाला होता. नागपूर काही आलं नाही. कबर हिंगणघाटलाच आहे. मामांची काही वर्षं त्याच गावात नोकरी झाली. "त्याच्या कबरीजवळून डबा घेऊन जात होतो मी रोज," ते म्हणतात, "आणि मले साहेब कोण ते निवृत्तीनंतर समजलं."

त्या मोजणीचं पुढचं एक टोक म्हणजे हा झिरो माईलचा दगड. सर्वेक्षणाची 1907 ची खूण. षटकोनी पायावर गावांची अंतरं कोरली आहेत. हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170. हाच देशाचा मध्य, अशी नागपूरकरांची ठाम समजूत. मामा त्यावर हसतात, पण पुण्याचे पाहुणे आले की तेही तेच सांगतात.

इथे माझी एक फजिती झाली, तीही घेते. मामांनी मला या दगडाचे आकडे दिले, 21 अंश 8 पूर्णांक काही मिनिटं, 79 अंश 4 पूर्णांक काही मिनिटं. मी फोनमध्ये टाकलं 21.08, 79.04. फोननं मला वर्धा रोडनं थेट विमानतळाच्या बाजूला पाठवलं. मिनिटांना अंशाचे दशांश समजलं की आठ-नऊ किलोमीटरचा भुर्दंड. मामा फोनवर एवढंच म्हणाले, "विमानानं येणार का तू?"

इथे डबी ठेवायचं काय, हा प्रश्न मी विचारला होता. समोर विधानभवन, डिसेंबरात अधिवेशन. "बेवारस डबी ठेवू, अन् मग बॉम्बशोधक पथकाचं कुत्रं येऊन वहीत सही करन."

(कॉलनीतली बाग. तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल ओढत आहेत.)

म्हणून डबी कॉलनीच्या बागेत. कुठल्या संकेतस्थळावर नाही, फक्त गल्लीतल्या मुलांसाठी, आणि बाग समितीला आधी विचारून. डबी म्हणजे रिकामी चुन्याची डबी, धुतलेली, मागे चुंबक चिकटवलेलं. आत गुंडाळी केलेला कागद, सह्यांसाठी.

कोडं मात्र मामांनी दोन महिने घासलं. एक पत्र आहे, भावानं बहिणीला लिहिलेलं. "ताई, रामनवमीला निघालो. भाऊबीजेला पोचलो असतो, पण नागपंचमीला पाऊस लागला." असंच पुढे, सगळं अशक्य क्रमानं. मुलांना आधी वाटलं आजोबांचं काहीतरी चुकलं. पण सणांच्या तिथी मोजा. गुढीपाडवा एक. भाऊबीज दोन. अक्षय्य तृतीया तीन. गणेश चतुर्थी, नागपंचमी, चंपाषष्ठी, रथसप्तमी, गोकुळाष्टमी, रामनवमी. एक ते नऊ सगळे आकडे पंचांगात तयार बसलेले. परक्या सणांत दोन वर्षं डोकं घातल्यावर मामांना हे दिसलं.

शून्याला तिथी नाही. अमावास्या चालली असती, पण पंचांगात तिचा आकडा 30. दोन दिवस मामा शून्यासाठी अडले. मग पत्रात एक वाक्य आलं : "वाटेत झिरो माईलला थांबलो."

पत्र पूर्ण दाखवत नाही. उत्तर फोडणं या खेळात पाप.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांना पत्र वाटलं. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, शहरात मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी उसळायच्या आधी, आठ वर्षांची एक मुलगी मामांच्या दारात उभी. हातात डबी.

मामांचे डोळे भरून आले. "कसं सोडवलं, बाळा? गोकुळाष्टमी कशी ओळखली?"

"गोकुळाष्टमी नाही, आजोबा. काल तुम्ही टॉर्च घेऊन बागेत चालले होते. मी गच्चीवरून पाहिलं."

(मामी पदर तोंडाला लावून हसतात.)

कागदावर पहिली सही तिचीच आहे. मामांनी खोडली नाही, शेजारी कंसात लिहून ठेवलं : "गच्चीवरून".

पुढच्या पोळ्याचं पत्र लिहून झालं आहे. डबी ठेवायला या वेळी मामी जाणार आहेत, फुलं तोडायची परडी घेऊन. त्यांचा कोणालाच संशय येत नाही.