‘मी सांगितलंच नव्हतं’ हा बचाव कुठे टिकतो?

एजंटनं करार करून ठेवला की मालक, म्हणजे ज्याच्या वतीनं तो काम करतो तो माणूस, कोर्टात हमखास म्हणतो, ‘मी त्याला हे करायला सांगितलंच नव्हतं.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण कोर्टाचा प्रश्न वेगळा असतो: समोरच्या माणसाला काय वाटलं, आणि ते कुणामुळे वाटलं?

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमातलं कलम २३७ बघा. एजंटला अधिकार नसला, तरी मालकाच्या बोलण्यामुळे किंवा वागण्यामुळे तिऱ्हाईताचा तसा समज झाला असेल, तर मालक बांधला जातो. उदाहरण कायद्यातच दिलंय. माल विकायला एजंटकडे दिला आणि अमुक किमतीखाली विकू नकोस असं बजावलं. ही सूचना ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकानं कमी भावात सौदा केला, तर तो सौदा मालकाला पाळावाच लागतो. मग मालकानं एजंटकडून खुशाल भरपाई वसूल करावी. ते त्या दोघांचं भांडण. फक्त तो समज मालकाकडून आलेला हवा. ‘मला सगळे अधिकार आहेत’ असं एजंट स्वतःच सांगत सुटला, तर तेवढ्यानं मालक अडकत नाही. कायद्याचे विद्यार्थी हटकून घसरतात ते इथं.

फसवणुकीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. ‘लॉइड विरुद्ध ग्रेस, स्मिथ अँड कंपनी’ हा १९१२ चा इंग्लंडमधला निकाल. एक विधवा बाई आपल्या मालमत्तेबद्दल सल्ला घ्यायला सॉलिसिटरच्या ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनानं विक्रीचे म्हणून कागद पुढे केले, तिच्या सह्या घेतल्या आणि मिळकत स्वतःच्या नावावर करून घेतली. फर्मला त्यातून काही मिळालं नव्हतं. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, फर्मला जबाबदार धरलं, कारण अशी कामं करायला फर्मनंच त्याला तिथं बसवलं होतं.

याच्या शेजारी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल ठेवा, ‘स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध श्यामा देवी’. खातेदार बाईंच्या पतीनं खात्यात भरायचे पैसे बँकेतल्या एका कर्मचाऱ्याकडे दिले, पण शेजारी आणि मित्र म्हणून. त्यानं ते लाटले. कोर्ट म्हणालं, पैसे घेताना तो बँकेचं काम करतच नव्हता. तो खातेदाराचाच माणूस होता. बँक सुटली. तर्कात खोट नाही, पण त्या बाईंच्या जागी उभं राहून हा निकाल पचवणं मला आजही जड जातं.

एरवी मालकासाठी केलेल्या कराराच्या जबाबदारीतून एजंट स्वतः मोकळा असतो. कलम २३० मध्ये अपवाद आहेत, तेही वेगळं काही ठरलं नसेल तरच: परदेशी व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री, मालकाचं नाव न सांगता केलेला करार, आणि ज्याच्यावर दावाच लावता येत नाही असा मालक. अशा वेळी कलम २३३ प्रमाणे समोरचा माणूस एजंटला, मालकाला किंवा दोघांनाही धरू शकतो.

आणि अधिकार नसताना जो एजंट म्हणवतो, त्याचं काय? मालकानं ते काम नंतर मान्य केलं नाही, तर कलम २३५ खाली भरपाई त्या माणसानं द्यायची. हेतू चांगला होता म्हणून सुटका होईलच असं नाही. १८५७ च्या ‘कॉलेन विरुद्ध राइट’ खटल्यात एजंटनं मालकाची शेतजमीन भाडेपट्ट्यानं दिली होती. तेवढा अधिकार आपल्याला आहे असं तो प्रामाणिकपणे समजत होता, प्रत्यक्षात नव्हता. दावा उभा राहीपर्यंत तो वारलाही होता. भरपाई त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांकडून वसूल झाली.